अल्फा फाय ओमेगा ही अमेरिकन कॉलेजांतली विद्यार्थी संघटना जॉइन करू का विचारतोयस?

अरे बिनधास्त कर. नाव ग्रीक असलं तरी ही पार्टीवाली फ्रॅट (कॉलेजातल्या मुलांचा क्लब) नाही, 1925 ला पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात स्काउटिंगच्या विचारांवर सुरू झालेली सर्व्हिसवाली, म्हणजे समाजसेवा करणारी आहे, मुलीही असतात, त्यामुळे मराठी ग्रुप, डान्स टीम, अगदी सोशल फ्रॅटसुद्धा सोबत चालते. फक्त प्लेज सेमिस्टरला, म्हणजे पक्का मेंबर होण्याआधीच्या सेमिस्टरला, जरा जपून हां, सर्व्हिसचे तास, मीटिंगा, फी सगळं एकदम अंगावर येतं आणि त्यात मिडटर्म. तास किती ते तुझ्या चॅप्टरलाच (कॉलेजातल्या शाखेला) विचार, सगळीकडे सारखे नसतात. फूड बँकेतली (गरजूंसाठी अन्न गोळा करतात तिथली) शनिवार सकाळची शिफ्ट मिळाली तर सोडू नकोस, कॅन लावता लावता तास भरतात आणि ओळखीही होतात. गणपतीच्या प्रॅक्टिसशी क्लॅश होणार असेल तर आधीच सांगून ठेव, ऐनवेळी टांग मारलेली कुणालाच आवडत नाही.