लाडूचं ऑपरेशन दहा तारखेला, झोप उडालीये घरच्यांची

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. आमच्याकडे लॅब्रॅडॉर आहे, नाव लाडू, वय सात, वजन एकोणचाळीस किलो (जास्त आहे, माहितीये, सासूबाई ऐकत नाहीत). गेले दोनतीन महिने मागच्या उजव्या पायाने लंगडतोय. आधी वाटलं मुरगळला असेल, गोळ्यांनी बरं वाटायचं आणि परत तेच. आता एक्सरे काढून डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय, टीपीएलओ करावं लागेल, म्हणजे हाड कापून प्लेट बसवणार. पुढच्या महिन्यातली दहा तारीख दिलीये आणि तेव्हापासून माझी झोप उडालीये. भूल दिल्यावर तो उठलाच नाही तर? मी गच्चीवर त्याच्याशी रोज बॉल खेळायचे, त्यामुळेच झालं का? सासूबाई म्हणतात मुक्या जनावराला कशाला चिरताय, तिळाचं तेल कोमट करून चोळा. आणि शेजारचे काका म्हणतात दुखत असेल तर आपलीच दुखण्याची अर्धी गोळी द्या. रात्री तो माझ्या पायाशी येऊन झोपतो आणि मला रडू येतं, नवरा म्हणतो तुझ्यामुळे त्यालाही टेन्शन येतंय. काय करू?
- एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, पहिल्यांदा ती बॉलची गोष्ट मिटवून टाकू. फुटबॉल खेळणाऱ्या पोराचं लिगामेंट एका झटक्यात तुटतं, कुत्र्यांचं बहुतेक वेळा तसं होत नाही. ते आतल्या आत महिनोन् महिने झिजत असतं, जुन्या दोरीचा एकेक पीळ सुटावा तसं, आणि शेवटचा पीळ कधी बॉलमागे धावताना जातो, कधी सोफ्यावरून उतरताना, कधी नुसतं शी करायला बसताना. तुम्ही बॉल टाकला नसता तर दुसरं काहीतरी निमित्त झालं असतं. लॅब्रॅडॉर, रॉटवायलर असल्या जातींत हे जास्त दिसतं आणि वजन जास्त असेल तर गुडघ्यावर भार आणखी. म्हणजे स्वतःला बोल लावायचाच असेल तर बॉलपेक्षा तुपाच्या पोळीला लावा, तोही सगळ्या घराने वाटून घ्या.

तेलाचं म्हणाल तर सासूबाईंचा जीव आहे त्याच्यावर म्हणून त्या बोलतायत, पण त्यांना एकदा हे नीट समजावून सांगा. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा भाग मागच्या बाजूला उतरता असतो, साधारण पंचवीस अंशांचा उतार. पाय टेकला की नडगीचं हाड पुढे सरकायला बघतं आणि हे लिगामेंट त्याला धरून ठेवतं. ते तुटलं की प्रत्येक पावलाला हाड पुढे घसरणार, म्हणजे चोळून काही होणार नाही कारण दुखणं स्नायूचं नाहीचे. टीपीएलओमध्ये सर्जन त्या हाडाचा वरचा भाग गोलाकार कापून थोडा फिरवतात, उतार पाचेक अंशांवर आणतात आणि प्लेट-स्क्रूने बसवून टाकतात, मग लिगामेंटशिवायही गुडघा घसरत नाही. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण जगभर रोज होणारं ऑपरेशन आहे. लहानखुऱ्या, दहाबारा किलोच्या कुत्र्याला कधीकधी नुसत्या विश्रांतीवर भागतं, एकोणचाळीस किलोच्या लाडूला भागणार नाही, सांधा कायमचा संधिवाताने धरेल.

काकांच्या गोळीबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते, पॅरासिटामॉलही मनाने द्यायची नाही. शिवाय ऑपरेशनच्या वेळी सर्जन जे दुखण्याचं औषध देणार त्यात आणि या अर्ध्या गोळीत भांडण होऊ शकतं. आधीच दिली असेल तर कधी आणि किती ते डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, ते रागावतील तर रागावू देत.

आता भुलीचं. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात जवळपास अठ्ठ्याण्णव हजार कुत्र्यांच्या भुलीची नोंद ठेवून एक मोठा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात धडधाकट कुत्र्यांमध्ये भुलीमुळे मृत्यूचं प्रमाण साधारण दोन हजारात एक निघालं, आजारी कुत्र्यांमध्ये मात्र बरंच जास्त, शंभरात एकाच्या वर. आपल्याकडे आकडा अगदी तोच असेल असं नाही, पण त्यातून दोन गोष्टी कळतात आणि तुमची काळजी नेमकी तिथे लावायची आहे. पहिली, ऑपरेशनआधी तो धडधाकट आहे हे तपासून घेणं. दुसरी, ज्या कुत्र्यांचं बरंवाईट झालं त्यातली बरीचशी टेबलावर गेलेली नव्हती, ऑपरेशन संपल्यावर गेली, आणि त्यातही पहिल्या तीन तासांत जास्त. आपण सगळे चाकूला घाबरतो आणि खरा डोळ्यात तेल घालून बघायचा वेळ असतो तो पिंजऱ्यात टॉवेलवर झोपवल्यानंतरचा.

म्हणून सर्जनना भेटाल तेव्हा "सगळं ठीक होईल ना" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. असं विचारा की भूल कोण देणार, वेगळे भूलतज्ज्ञ आहेत की ऑपरेशन करणारेच बघणार? ऑक्सिजन, बीपी, शरीराचं तापमान यावर मॉनिटर लावणार का? संपल्यावर तो पूर्ण शुद्धीवर येऊन मान धरेपर्यंत त्याच्याजवळ कोण बसणार? रात्री ठेवणार असाल तर रात्री तिथे माणूस असतो का, नुसता वॉचमन की डॉक्टर? टीपीएलओ त्यांनी स्वतः किती केल्यात हेही बिनधास्त विचारा, चांगला सर्जन चिडत नाही. आणि खर्चाचा अंदाज कागदावर घ्या, प्लेट, नंतरचे एक्सरे, ड्रेसिंग सगळं धरून, कारण निम्मं टेन्शन पैशाचं असतं आणि ते कोणी पत्रात लिहीत नाही. उत्तरं पटली नाहीत तर दुसरं मत घ्यायला अजून वेळ आहे. व्हेटर्नरी कॉलेजात, म्हणजे परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा साताऱ्याकडे शिरवळचं, रिपोर्ट घेऊन जाता येतं.

तपासण्यांत रक्ताचा रिपोर्ट येईल तेव्हा प्लेटलेट्सकडे बघा. आपल्याकडे गोचिडांचा ताप इतका असतो की वरून खातापिता दिसणारा कुत्राही आतून प्लेटलेट्स कमी घेऊन फिरत असतो, आणि तशात हाड कापलं तर रक्त थांबत नाही. रिपोर्ट वाईट आला आणि डॉक्टर म्हणाले की दोनतीन आठवडे आधी गोचिडांचं औषध देऊ मग बघू, तर तारीख गेली म्हणून हिरमुसू नका, उलट त्या डॉक्टरवर जास्त विश्वास ठेवा.

आदल्या रात्री किती वाजेपर्यंत खायला द्यायचं, पाणी कधी बंद करायचं हे हॉस्पिटलवाल्यांकडून लिहूनच घ्या. भुलीत उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर घोळ होतो, म्हणून उपास. भरल्या घरात हा उपास मोडतो तो हमखास सकाळी, आजोबा चहा पिताना बशीत बुडवलेलं बिस्कीट गुपचूप खाली धरतात आणि कोणाला सांगत नाहीत. फ्रीजवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा, कामाच्या मावशींनाही सांगा. आणि तरी कोणी दिलंच तर लपवू नका, ऑपरेशन एक दिवस पुढे जाईल, दुसरं काही नाही.

पण ताई, माझं खरं म्हणणं पुढेच आहे. दहा तारखेचा दिवस सर्जनचा आहे, तिथे तुम्ही काही करू शकत नाही. तुमची परीक्षा अकरा तारखेपासून सुरू होते आणि ती दोन ते तीन महिने चालते, कारण हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. दहा दिवसांत लाडूला बरं वाटायला लागेल, पंधरा दिवसांत तो पाय टेकून उड्या मारायला बघेल, आणि बरी चाललेली ऑपरेशन्स इथेच बिघडतात, पाहुणे आले, बेल वाजली, साहेब सोफ्यावरून थेट दाराशी. म्हणून आत्ता जी झोप येत नाहीये ना, तो वेळ घर लावण्यात घालवा. तुमच्याकडे गुळगुळीत टाइल्स असणारच, त्यावर शिवलेला पाय फर्रकन घसरतो. त्याच्या जेवणाच्या जागेपासून दारापर्यंत योगा मॅट किंवा जुन्या सतरंज्या टाका, खाली घसरणार नाहीत अशा. हॉलचा एक कोपरा डायनिंगच्या खुर्च्या आडव्या लावून बंद करा आणि त्याला आजपासूनच तिथे जेवण, तिथे झोप अशी सवय लावा, ऑपरेशननंतर एकदम कोंडलं तर तो भुंकून घर डोक्यावर घेईल. डोअरबेलचं बटण कागद चिकटवून बंद करा, येणाऱ्याला फोन करायला सांगा. तो तुमच्या पलंगावर चढत असेल तर तुम्हीच गादी खाली टाकून झोपा. लिफ्ट नसेल तर एकोणचाळीस किलो कोण उचलणार हे आत्ताच ठरवा, पोटाखालून जाड टॉवेल घालून मागचा भाग तोलून धरायचा, दोघं लागतात. गळ्यातला तो लॅम्पशेडसारखा कॉलर आत्ताच आणून रोज पाचदहा मिनिटं घालून बघा. आणि वजन आजपासून कमी करायला घ्या, कारण अशा जवळपास निम्म्या कुत्र्यांचं दुसऱ्या पायाचं लिगामेंटही पुढे कधीतरी जातं. आता हे वाचून परत झोप उडवून घेऊ नका, पोळी बंद करा.

घरी आणल्यावर पहिली रात्र बहुतेकांना फार जड जाते. तो कण्हेल, एकटक बघेल, ओळख नसल्यासारखं करेल, त्यातलं बरंचसं दुखण्यामुळे नसून औषधाची गुंगी असते, तरी शंका आली तर फोन करायचाच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज खाली उतरून घोट्याजवळ फुगा आल्यासारखी दिसते आणि मांडीला काळंनिळं दिसतं, ते होतं. दोनतीन दिवस शी झाली नाही तरी घाबरू नका. टाक्यांतून पू किंवा रक्त यायला लागलं, टाके उघडले, काळी शी किंवा सारख्या उलट्या झाल्या, किंवा टेकायला लागलेला पाय अचानक परत उचलून धरला, तर मात्र सकाळची वाट बघू नका.

राहिला नवऱ्याचा मुद्दा. स्वीडनमधल्या लिंकशॉपिंग विद्यापीठाच्या लोकांनी २०१९ साली कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं होतं आणि दोघांचे आकडे बरोबरीने वरखाली होताना दिसले. पण ते महिनोन् महिन्यांच्या ताणाचं मोजमाप होतं, तुम्ही एका रात्री रडलात त्याचं नाही. रडायचं तर रडा. फक्त त्याचं फिरणं, जेवण, झोप यांच्या वेळा नेहमीच्या ठेवा, आणि दहा तारखेला हॉस्पिटलच्या दारात मिठी मारून निरोपाचा मोठा कार्यक्रम करू नका, पट्टा कंपाउंडरच्या हातात द्या आणि निघा. वाटलं तर नवऱ्याला पाठवा, त्याचीही छाती किती आहे ते कळेल.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या कुत्रीला गाडीने उडवलं, मागच्या पायाचं हाड बाहेर आलंय, जखम सडलीये, डॉक्टर म्हणतात पाय काढावाच लागेल. आम्ही चारपाच जण मिळून खर्च करतोय पण सगळ्यांना वाटतंय की तीन पायांवर रस्त्यावर जगण्यापेक्षा तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलेलं बरं. तुम्ही सांगा.
- एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : झोपवू नका, जोपर्यंत डॉक्टर वेगळं काही कारण सांगत नाहीत. कुत्र्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे मागचा एक पाय गेलेली कुत्री, त्यातून गावठी हलकी अंगकाठी, बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतः उठून चालायला लागते. लोक काय म्हणतील, मी कशी दिसते, असले प्रश्न तिला पडत नाहीत, ते तुम्हा चारपाच जणांना पडलेत. सडलेला पाय घेऊन ती आत्ता जे भोगतेय ते थांबवणं महत्त्वाचं, आणि त्यात दिवस घालवू नका, जंतू रक्तात गेले तर मग निवड उरत नाही.

डॉक्टरांना छातीचा एक्सरे आधी काढायला सांगा, गाडीच्या धडकेत फुप्फुसाला मार बसलेला वरून दिसत नाही आणि भुलीत तोच नडतो. दुसरा मागचा पाय आणि कंबर नीट आहे ना हेही बघून घ्या, कारण यापुढे सगळा भार त्याच्यावर. त्याच भुलीत नसबंदी करता येईल का विचारा, तब्येत झेपणारी असेल तर करतात, नाहीतर महिन्याभराने. टाके निघेपर्यंत दहाबारा दिवस कोणाच्या तरी जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये बंद जागा लागेल, ते आजच ठरवा, कारण खर्चाला पाच जण तयार होतात आणि जागेला एकही नाही. टाके निघाले की तिला तिच्याच गल्लीत सोडा, तिथली बाकीची कुत्री तिला ओळखतात. पाण्याचं भांडं मात्र रस्त्याच्या अलीकडे, तुमच्याच बाजूला ठेवा, म्हणजे तिला गाड्यांतून पलीकडे जावं लागणार नाही.