शेल स्क्रिप्टमध्ये कमांडच्या आउटपुटमधून काढलेल्या आकड्याची तुलना चुकीची का ठरते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिस्क ९० टक्क्यांहून अधिक भरली की ईमेल पाठवणारी एक छोटी स्क्रिप्ट आपण बॅश या शेलमध्ये, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लिहिली आहे. डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडचे आउटपुट, हव्या त्या ओळी निवडणाऱ्या ग्रेपने गाळून, रकाने वेगळे करणाऱ्या ऑकने त्यातला पाचवा रकाना काढून आपण तो एका व्हेरिएबलमध्ये ठेवता आणि मग चौकटी कंसांत 'पेक्षा मोठे' (>) हे चिन्ह वापरून त्याची ९० शी तुलना करता. डिस्क जेमतेम ४२ टक्के भरलेली असतानाही ठरल्या वेळी कामे चालवणारा क्रॉन दर तासाला ईमेल पाठवतो आहे. शिवाय होम डिरेक्टरीत '९०' नावाची एक रिकामी फाइल तयार झाली आहे आणि ती कुठून आली हे आपल्याला उमगत नाही. उत्तराची सुरुवात त्या फाइलपासूनच करतो. कमांडची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. टंकताना ती अर्थातच मूळ लिपीत लिहावीत.

शेलमधला एकेरी चौकटी कंस हे गणितातले चिन्ह नाही. ते 'टेस्ट' या कमांडचेच दुसरे नाव आहे, आणि त्यापुढे आपण जे लिहितो ते सारे त्या कमांडला दिलेले शब्द असतात. कमांड सुरू करण्याआधी शेल ती ओळ स्वतः वाचतो, आणि त्याच्या व्याकरणात 'पेक्षा मोठे' या चिन्हाचा अर्थ एकच असतो: आउटपुट पुढच्या नावाच्या फाइलमध्ये लिही. त्यामुळे '९०' ही फाइल उघडली जाते, टेस्ट काहीच छापत नसल्यामुळे ती रिकामी राहते, आणि टेस्टच्या हाती '४२%' हा एकच शब्द उरतो. एकच शब्द मिळाला तर टेस्ट एवढेच पाहते की तो रिकामा तर नाही. तो रिकामा नसल्यामुळे अट दर वेळी खरी ठरते. फाइल होम डिरेक्टरीतच सापडली, कारण क्रॉन आपली कामे तिथूनच सुरू करतो.

यावर अनेक जण दुहेरी चौकटी कंस वापरण्याचा सल्ला देतात. तसे केल्यास फाइल तयार होणे थांबेल, पण तुलना सुधारणार नाही, कारण दुहेरी कंसांत हे चिन्ह दोन्ही बाजूंना अक्षरांची माळ समजते आणि शब्दकोशात शब्द लावावेत तशी तुलना करते. शब्दकोशात 'करमणूक' हा शब्द 'घर'च्या आधी येतो, त्याची लांबी कोणी पाहत नाही. पहिल्या अक्षरातच निकाल लागतो. त्याच न्यायाने ९ हा ८५ पेक्षा मोठा ठरतो आणि १०० हा ९० पेक्षा लहान. म्हणजे डिस्क ९५ टक्के भरलेली असताना स्क्रिप्ट बरोबर ईमेल पाठवील, पण ती पूर्ण १०० टक्के भरली की गप्प बसेल. ही चूक मला पहिल्या चुकीपेक्षा अधिक घातक वाटते, कारण चाचणी घेताना आपण बहुधा दोन अंकी आकडेच वापरून पाहतो आणि सगळे नीट चालले आहे असे समजतो.

संख्यांची तुलना करण्यासाठी टेस्टमध्ये 'जीटी', 'एलटी', 'ईक्यू' हे उणे चिन्हाने सुरू होणारे पर्याय आहेत. आपल्याला त्यांतला 'जीटी', म्हणजे 'पेक्षा मोठे', हवा. तो वापरताच आपल्याला पूर्णांक अपेक्षित होता अशा अर्थाचा एरर दिसेल, कारण व्हेरिएबलमध्ये ४२ नसून टक्क्याच्या चिन्हासह '४२%' आहे. ते चिन्ह काढले की तुलना योग्य होईल. बहुतेक उत्तरे इथेच थांबतात. मला मात्र खरा मुद्दा इथून पुढे सुरू होतो असे वाटते.

टेस्ट ही कमांड दोन नव्हे, तीन प्रकारची उत्तरे देते. अट खरी असेल तर तिचा एक्झिट स्टेटस (संपताना कमांड परत देते तो आकडा) ०, खोटी असेल तर १, आणि तुलनाच करता आली नाही तर त्याहून मोठा, बॅशमध्ये २. पण 'इफ' फक्त इतकेच विचारते की स्टेटस शून्य आहे की नाही. त्यामुळे 'डिस्क ९० टक्क्यांहून कमी भरली आहे' आणि 'डिस्क किती भरली आहे हे मला कळलेच नाही' ही दोन अगदी वेगळी उत्तरे एकाच 'एल्स' शाखेत जाऊन पडतात. देखरेखीच्या स्क्रिप्टमध्ये याचा परिणाम असा होतो की वाचता न आलेला आकडा सुरक्षित आकडा म्हणून नोंदला जातो.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका सर्व्हरची देखभाल करत होतो आणि बॅकअपच्या डिस्कवर लक्ष ठेवणारी अशीच एक स्क्रिप्ट मी लिहिली होती. ती डिस्क बदलल्यावर नव्या डिस्कचे नाव वेगळे आले, ग्रेपला जुन्या नावाची ओळ सापडेना, व्हेरिएबल रिकामे राहू लागले आणि तुलनेत दर तासाला एरर येऊ लागला. क्रॉनच्या ओळीत मी एरर नल डिव्हाइसकडे, म्हणजे मिळेल ते गिळून टाकणाऱ्या फाइलकडे, वळवून ठेवले होते, त्यामुळे ते कोणालाच दिसले नाहीत. लॉगमध्ये मात्र प्रत्येक तासाची 'सर्व ठीक' अशी नोंद होत राहिली. डिस्क भरल्यावर बॅकअप थांबले, आणि हे आम्हाला कळले ते एक फाइल परत मिळवण्याची वेळ आली तेव्हा. त्या दिवसापासून आउटपुटमधून काढलेला कोणताही आकडा, तो आकडाच आहे याची खात्री केल्याशिवाय मी तुलनेला देत नाही.

आता आकडा काढण्याकडे वळू. आपल्या स्क्रिप्टमधून ग्रेप पूर्णपणे काढून टाका. 'एसडीए१' शोधणारा ग्रेप 'एसडीए१०'ची ओळही पकडतो, आणि डिस्कची ही नावे मशीन पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. त्याऐवजी डीएफला थेट डिरेक्टरीचा मार्ग द्यावा. ज्या फाइलसिस्टिमवर ती डिरेक्टरी आहे तेवढ्याचीच ओळ मिळते. सोबत कॅपिटल पी हा पर्याय द्यावा. डिव्हाइसचे नाव लांब असले की जुन्या आवृत्त्यांत डीएफ ती ओळ मोडून दोन ओळींत छापत असे आणि रकान्यांचे गणित चुकत असे. युनिक्स-प्रकारच्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाने ठरवलेल्या या पर्यायात एका फाइलसिस्टिमसाठी एकच ओळ येते. मग शीर्षकाची पहिली ओळ सोडून ऑकने दुसऱ्या ओळीतला पाचवा रकाना घ्यावा. पहिल्या रकान्यातल्या नावातच मोकळी जागा असेल तर हा हिशोबही एका रकान्याने सरकतो. मॅकवर 'मॅप ऑटो_होम' असे नाव दिसते ते याच प्रकारचे. लिनक्सवरील जीएनयू डीएफमध्ये 'आउटपुट' या पर्यायाला 'पीसेंट' हे मूल्य दिले की फक्त टक्केवारीचा रकाना मिळतो, आणि स्क्रिप्ट केवळ लिनक्सवर चालणार असेल तर मी तोच मार्ग निवडतो. मॅकच्या डीएफमध्ये तो नाही. स्क्रिप्टच्या आरंभी 'एलसी_ऑल' या व्हेरिएबलचे मूल्य 'सी' करून ते एक्स्पोर्ट केले की शीर्षके आणि दशांशचिन्ह मशीनच्या भाषेनुसार बदलत नाहीत.

टक्केवारी आपण स्वतः एकूण आकारावरून काढू नका. डीएफचा भागाकार एकूण जागेवर होत नाही. तो वापरलेली जागा आणि सामान्य वापरकर्त्याला उपलब्ध असलेली जागा यांच्या बेरजेवर होतो, आणि अपूर्णांक आल्यास पुढच्या पूर्णांकावर नेला जातो. ईएक्सटी४ फाइलसिस्टिम तयार करताना मूळच्या रचनेनुसार ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे प्रशासक वापरकर्त्यासाठी, राखून ठेवली जाते. १०० जीबीच्या डिस्कवर ८६ जीबी वापरलेली आणि ९ जीबी उपलब्ध असेल, तर डीएफ ८६ टक्के न दाखवता ९१ टक्के दाखवील, आणि आपल्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने तोच आकडा खरा आहे.

टक्क्याचे चिन्ह काढण्यासाठी 'टीआर' कमांडने अंक सोडून बाकी सर्व अक्षरे पुसून टाकण्याची पद्धत फार प्रचलित आहे. ती मी टाळतो. आउटपुटमध्ये चुकून दोन ओळी आल्या, एकीत ४२% आणि दुसरीत १७%, तर ती पद्धत ओळीचा शेवटही पुसते आणि हाती ४२१७ हा एक दिमाखदार पण निरर्थक आकडा येतो. ऑकमध्ये शून्य मिळवून चिन्ह झटकण्याची युक्तीही अशीच फसवी आहे: '४२%' मध्ये शून्य मिळवले की ४२ मिळतात हे खरे, पण रिकाम्या शब्दात शून्य मिळवले तरी ० मिळतो, आणि न वाचता आलेली डिस्क शून्य टक्के भरलेली दिसते. त्यापेक्षा शेलच्याच सोयीने व्हेरिएबलच्या शेवटचे एक टक्क्याचे चिन्ह तेवढे कापावे आणि उरलेले जसेच्या तसे तपासायला द्यावे.

तपासणीसाठी 'केस' हे बांधकाम पुरेसे आहे. त्याची पहिली शाखा अशी लिहावी की मूल्य रिकामे असेल, किंवा त्यात ० ते ९ यांखेरीज एकही अक्षर असेल, तर स्क्रिप्टने ते मूल्य अवतरणचिन्हांत छापून वेगळ्या एक्झिट स्टेटसने थांबावे. हा स्टेटस ३ ठेवावा असे मी सुचवीन. नॅगिऑस या देखरेखीच्या प्रणालीच्या प्लगिनांत ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर आणि ३ म्हणजे अज्ञात असा संकेत आहे. 'कळले नाही' या उत्तराला तिथे स्वतःचा आकडा दिलेला आहे. ही शाखा केवळ काल्पनिक प्रसंगांसाठी नाही. लिनक्सवर 'प्रॉक' या, खऱ्या डिस्कवर नसलेल्या, डिरेक्टरीवर डीएफ चालवून पाहा, टक्केवारीच्या जागी नुसती आडवी रेघ येईल.

अजून एक छिद्र बुजवायला हवे. डीएफचे आउटपुट पाइपने, म्हणजे दोन कमांड थेट जोडून, ऑककडे दिले की संपूर्ण पाइपलाइनचा एक्झिट स्टेटस शेवटच्या कमांडचा, म्हणजे ऑकचा, धरला जातो. डीएफ अपयशी ठरली तरी ऑक समाधानाने ० परत करते. बॅशमध्ये 'पाइपफेल' हा पर्याय चालू करता येतो, आणि २०२४ च्या पॉझिक्स मानकात तो समाविष्टही झाला आहे. मला स्वतःला याहून साधा मार्ग आवडतो: प्रथम डीएफचे संपूर्ण आउटपुट एका व्हेरिएबलमध्ये घ्यावे, त्याच ओळीवर स्टेटस तपासावा, आणि मगच त्या व्हेरिएबलमधून रकाना काढावा. फंक्शनच्या आत असाल तर 'लोकल'ची घोषणा वेगळ्या ओळीवर करा, कारण एकाच ओळीत घोषणा आणि कमांड दोन्ही लिहिल्या तर स्टेटस 'लोकल'चा मिळतो आणि डीएफचे अपयश झाकले जाते.

आपण शेवटी विचारले आहे की हीच रीत मशीनवरील कामाचा सरासरी भार सांगणाऱ्या लोड अॅव्हरेजसाठी चालेल का. तत्त्व तेच, पण दोन गोष्टी बदलतात. मशीन किती वेळ सुरू आहे हे सांगणाऱ्या अपटाइम कमांडच्या आउटपुटमधून रकाना मोजून काढू नका; मशीन सुरू होऊन २ मिनिटे झाली असतील तेव्हा आणि ३ दिवस झाले असतील तेव्हा त्या ओळीतल्या शब्दांची संख्या वेगळी असते. लिनक्सवर प्रॉकमधली 'लोडॅव्हजी' ही फाइल वाचावी, तिच्या ओळीतला पहिला आकडा गेल्या एका मिनिटाचा असतो. दुसरे असे की तो आकडा दशांशात असतो आणि बॅशला पूर्णांकांपलीकडचे गणित येत नाही, म्हणून तुलना ऑकमध्येच करावी, अर्थात मूल्याचा आकार तपासल्यानंतर. वेळेचा आकडा घेत असाल तर सकाळी ८ आणि ९ वाजता येणारे '०८' आणि '०९' लक्षात ठेवा: शेलच्या दुहेरी गोल कंसांतल्या गणितात शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची मानली जाते, त्यात ८ आणि ९ हे अंकच नाहीत, आणि दिवसभर नीट चालणारी स्क्रिप्ट नेमकी त्या दोन तासांत बंद पडते.

नवी स्क्रिप्ट क्रॉनला देण्यापूर्वी चार प्रकारे चालवून पाहावी. मर्यादा १ टक्का ठेवून ईमेल जाते का ते पाहावे, मर्यादा १०० ठेवून ती जात नाही ना ते पाहावे, अस्तित्वात नसलेला मार्ग देऊन स्टेटस ३ मिळतो का ते तपासावे, आणि 'प्रॉक'चा मार्ग देऊनही तोच मिळतो का ते पाहावे. क्रॉनच्या ओळीत एरर नल डिव्हाइसकडे वळवले असतील तर ते आधी काढा. '९०' नावाची ती फाइल खुशाल पुसून टाका. काही दिवसांनी ती पुन्हा दिसली, तर एखाद्या एकेरी चौकटी कंसात ते चिन्ह अजून राहिले आहे असे समजावे.