व्हॅनमध्ये राहून महिनोन्‌महिने फिरायचंय, कॉफीसाठी सोबत काय घ्यावं?

तुम्ही विचारलंय की दोघं कोल्हापुरातून व्हॅन घेऊन निघणार, गगनबावड्यावरून खाली कोकणात, मग कारवार, मंगळूर, कूर्ग करत मुन्नारपर्यंत. मुक्काम गाडीतच. तर मोका पॉट (आचेवर वाफेच्या दाबानं कॉफी काढणारी किटली), फ्रेंच प्रेस (जाळीच्या दट्ट्यानं चोथा खाली दाबायचं भांडं) आणि एअरोप्रेस (हातानं दाबून कॉफी काढायचा पंप) यांतलं काय घ्यावं? दुधाची कॉफी पिता असंही लिहिलंय, म्हणून मी तुमच्या यादीबाहेरचं सुचवतो: स्टीलचा साधा साउथ इंडियन फिल्टर घ्या, म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाच्या भोकांतून कॉफीचा दाट काढा खाली ठिबकतो.

मी कामासाठी बेळगाव, हुबळी, दावणगिरीकडे सतत गाडीनं असतो आणि झोपतोही बऱ्याचदा गाडीतच. घरी कॉफीचं भांडं चवीवर ठरतं. गाडीत आधी बघायचं की ते धुवायला पाणी किती लागतं आणि चोथा कुठं जातो. पाणी वीस लिटरच्या कॅनमधलं, त्यातच पिणं, तोंड धुणं, भांडी.

या हिशोबात फ्रेंच प्रेस पहिल्यांदा बाद. कॉफी झकास होते, वाद नाही. पण तळाला चोथ्याचा ओला गाळ राहतो, जाळीत अडकतो, आणि तो काढायला कॉफीला लागलं त्याच्या कितीतरी पट पाणी ओतावं लागतं. त्यातून काचेचा असेल तर गगनबावड्याखालच्या करूळ घाटाच्या वळणांवर त्याचं काय होईल ते सांगायला नको.

मोका पॉट दिसायला देखणा. बियालेत्तींनी १९३३ मध्ये इटलीत आणला तेव्हापासून आकार फारसा बदललेला नाही. काढा दणकट निघतो, म्हशीच्या दुधातही दबत नाही. अडचण अशी की त्याची जाळी पूर्ण भरावीच लागते, एकट्यापुरती अर्धी भरून जमत नाही. शिवाय कॉफी झाल्यावर तो तापलेला असतो. निघायची घाई असते आणि हा पठ्ठ्या निवेपर्यंत उघडता येत नाही. ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

एअरोप्रेस मात्र गाडीसाठी खरंच हुशार वस्तू आहे. ॲलन ॲडलर म्हणजे खेळातल्या उडत्या चकत्या बनवणारा अमेरिकन इंजिनिअर, त्यानं २००५ मध्ये हा पंप बाजारात आणला. प्लॅस्टिकचा, त्यामुळे फुटायची भीती नाही. कॉफी दाबून झाली की चोथ्याची घट्ट वडी एका धक्क्यात डब्यात पडते आणि घोटभर पाण्यात भांडं साफ. काळी कॉफी पिणारे असता तर मी डोळे झाकून हेच सांगितलं असतं. पण एका वेळी एकच कप, कागदी फिल्टर संपले की गाव शोधत फिरा, आणि कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून मिळणाऱ्या दुधावर वाढलेल्या माणसाला त्यातली कॉफी दुधात हरवल्यासारखीच वाटणार.

आता फिल्टर. दोघांना पाऊणशे ते शंभर ग्रॅम पावडर मावेल एवढा मोठा नको, लहानच घ्या. रात्री गाडी सपाट जागी लागली की वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पावडर घाला, दांड्याच्या चकतीनं हलकेच दाबा. आधी पावडर भिजण्यापुरतंच उकळतं पाणी घालायचं, अर्धा मिनिट थांबायचं, मग उरलेलं. सगळं मिळून साधारण कपभर पाणी. झाकण लावून झोपा. गाडी उतारावर उभी असेल तर पाणी एकाच बाजूनं उतरतं आणि काढा फिका येतो. कधी ठिबकणं थांबतंच, तेव्हा पावडरीला दोष देऊ नका. खालच्या भांड्यात हवा कोंडलेली असते. वरचं भांडं जरासं उचलून परत ठेवलं की चालू होतं.

सकाळी फक्त दूध उकळायचं आणि काढा वर ओतायचा. काढा थेट आचेवर ठेवू नका, कडवट होतो. रात्रभरात वास थोडा उतरतो हे खरं, पण पहाटे निघायचं असताना तयार काढ्यासारखं सुख नाही. चोथा सुकलेला असतो, उलटा करून ठोकला की निघतो. तो डब्यात साठवा, घाटात फेकू नका.

फिल्टर घेतला की ग्राइंडर लागत नाही, हा मोठा फायदा. निपाणी ओलांडून बेळगाव-हुबळीकडं गेलात की समोर दळून पावडर देणारी दुकानं भेटतात, कूर्गमध्ये तर प्रश्नच नाही. तुम्ही मात्र आधी कोकणात उतरणार, तिथं बहुतेक ठिकाणी इन्स्टंटच हाती येईल, म्हणून पहिल्या टप्प्याची पावडर इथूनच भरून घ्या. पाकिटावर चिकोरीचं (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पावडरीचं) प्रमाण छापलेलं असतं. कायद्यानं कॉफी निम्म्याहून थोडी जास्त, ५१ टक्के असली तरी चालते, तेव्हा वाचून घ्या. ८०-२० घ्या, म्हणजे ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी. कोकणातल्या दमट हवेत पावडरीचे गोळे होतात, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा हवा.

पाणी तापवायचं कशावर, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी गोची तिथं आहे. गाडीतल्या लायटरच्या सॉकेटमधून साधारण दीडशे वॅटच्या आसपास मिळतं. तेवढ्यावर ३०० मिली पाणी उकळायला बारा-पंधरा मिनिटं सहज जातात. इन्व्हर्टरवर १००० वॅटची किटली लावलीत तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ऐंशी-नव्वद अँपिअर ओढले जातात, गाडीच्या मूळ बॅटरीला ते झेपत नाही. त्यापेक्षा छोटी गॅसची शेगडी बरी. पण ती दार बंद करून गाडीत कधीही पेटवू नका, पाऊस असला तरी. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो. मागचं दार वर उचलून त्याच्या आडोशाला पेटवा, वाऱ्याचाही त्रास कमी होतो.

मुन्नार उंचावर आहे, तिथं पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळेल. कॉफीचं त्यानं काही बिघडत नाही, डाळ मात्र कुकरमध्येच लावा.

फिल्टर कोल्हापुरात महाद्वार रोडला भांड्यांच्या दुकानांत विचारा, तिथं नाही मिळाला तर बेळगावात मिळेलच. पितळी दिसतो छान, पण प्रवासात घासत कोण बसणार? स्टीलचाच घ्या, आणि घेताना वरच्या भांड्याची भोकं उजेडात धरून बघा. बारीक आणि सारखी हवीत.