जुलैमध्ये सर्फिंगसाठी श्रीलंका की मालदीव?

जुलैमध्ये सुट्टी मिळते आहे, पण ऐन पावसाळ्यात श्रीलंकेला किंवा मालदीवला सर्फिंगसाठी जाण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. अर्थ निश्चितच आहे, मात्र बेटाची बाजू अचूक निवडावी लागेल.

कोकणचा खवळलेला समुद्र पाहत वाढल्यामुळे लाट मोसमी वाराच उठवतो असे आपण धरून चालतो. या बेटांवर सर्फिंगला उपयोगी पडणारी लाट दक्षिण गोलार्धात ४० अंश अक्षांशाच्या पलीकडे होणाऱ्या वादळांमधून निघते आणि हजारो किलोमीटर अंतर कापून येते. तिकडचा हिवाळा आपल्या पावसाळ्यातच येत असल्याने मे ते सप्टेंबर या काळात या लाटांचा जोर सर्वाधिक असतो. दोन लाटांमध्ये बहुधा १४ सेकंदांच्या आसपास किंवा त्याहून अधिक अंतर असते. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा मात्र सहा-आठ सेकंदांनी एकमेकींवर आदळत येतात. मोसमी वाऱ्याचा संबंध येतो तो लाट किनाऱ्याशी पोहोचल्यावर. तो जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर लाटेची भिंत उभी धरतो आणि पाणी नितळ राहते. समुद्राकडून आला, तर तीच लाट वेळेआधी विस्कटून फेसाळते.

श्रीलंकेत हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. मे ते सप्टेंबर नैऋत्य वारे बेटाच्या नैऋत्य आणि दक्षिण बाजूच्या हिक्कडुवा आणि वेलिगामा येथे समुद्राकडून थेट किनाऱ्यावर येतात. पूर्वेकडील अरुगम बे येथे तेच वारे बेट ओलांडून, जमिनीवरून पोहोचतात. दक्षिणेची लाट आग्नेय टोकाला वळसा घालून तिथे शिरते आणि हा भाग पर्जन्यछायेत असल्याने जुलैमध्ये पाऊसही कमी असतो. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात, म्हणून सकाळ हातची घालवू नये. नोव्हेंबरपासून ईशान्य वारे सुरू झाले की चित्र उलटते.

मालदीवमध्ये वारा अडवायला डोंगर नाही, बेटे जेमतेम पाण्याच्या वर आहेत. म्हणून तिथे लाट प्रवाळाच्या कड्यावर कोणत्या कोनात वळते, हेच पाहावे लागते. उत्तर माले प्रवाळवलयाच्या पूर्व कडेवरील सुल्तान्स, हॉन्कीज, कोक्स या ठिकाणी दक्षिणेची लाट वलयांमधल्या खिंडींत वळते आणि नैऋत्येचा किंवा पश्चिमेचा वारा तिला समोरून भिडतो. त्यामुळे जून-जुलैमध्ये हॉटेले पावसाळी दर लावत असतानाच लाटा ऐन भरात असतात. पर्यटनाचा हंगाम आणि सर्फिंगचा हंगाम यांचे इथे जुळत नाही, आणि माझ्या मते ते आपल्या पथ्यावरच पडते. जोरदार पावसाच्या झडी येतात तेव्हा वारा काही तास भरकटतो, एवढे गृहीत धरावे. विषुववृत्ताजवळच्या हुवाधू वलयाकडे जायचे असल्यास मात्र वारे मंदावलेले मार्च-एप्रिल अधिक बरे.

आपण नवशिके असाल, तर जुलैमध्ये मालदीव टाळावे, कारण तिथल्या लाटा उथळ प्रवाळावर फुटतात. अरुगम बे येथे नवशिक्यांसाठी सौम्य लाटांची जागा आहे. शिकण्यासाठीच प्रवास करायचा असेल, तर जानेवारीत वेलिगामाच्या वाळूच्या तळाच्या उपसागरात जाणे अधिक शहाणपणाचे ठरेल.