लिओनार्दोची यंत्रं त्याने स्वतः बनवलेली का?

प्रश्न : इटलीत विंची गावात लिओनार्दो दा विंचीच्या यंत्रांचं म्युझियम आहे ना, तिथली यंत्रं त्याने स्वतः बनवलेली आहेत का? आणि तो रणगाडा, हेलिकॉप्टर खरंच चालायचं का हो?

उत्तर : नाही हो, त्याच्या हातचं एकही यंत्र आज शिल्लक नाही. विंचीचं म्युझियम जुन्या किल्ल्यात आहे, १९५३ मध्ये सुरू झालं, आणि आत दिसतात ती मॉडेल्स त्याच्या वह्यांमधली चित्रं बघून विसाव्या शतकापासून पुढे बनवलेली. आता चित्रात सगळं नसतंच, मग बनवणाऱ्याला अंदाज करावा लागतो आणि गंमत तिथेच आहे. रणगाड्याचंच बघा, चित्रातले गिअर जसेच्या तसे बसवले तर पुढची चाकं एकीकडे आणि मागची उलटीकडे फिरणार, म्हणजे गाडी जागची हलणार नाही. कुणी म्हणतं त्याने मुद्दाम चूक केली, मला तरी ते पटत नाही, पण मॉडेल चालवायचं तर गिअर बदलावेच लागतात, मग ते लिओनार्दोचं किती आणि सुताराचं किती?

त्याची स्प्रिंगवर चालणारी गाडी पण अशीच. वर दिसणाऱ्या कमानीसारख्या स्प्रिंगांवर ती पळते असं समजून लोकांनी मॉडेल्स बनवली, ती काही धड चालेनात. खरी ताकद खाली डब्यात गुंडाळलेल्या स्प्रिंगांची आहे हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं, आणि २००४ मध्ये फ्लॉरेन्सच्या विज्ञान म्युझियमने चालणारं मॉडेल दाखवलं.

हेलिकॉप्टर मात्र विसरा, माणसांच्या जोरावर ते उडणं शक्यच नाही. त्याच्या चित्रावरून बनवलेलं पॅराशूट चाललं! २००० साली एड्रियन निकोलस हा ब्रिटिश स्कायडायव्हर दक्षिण आफ्रिकेत ते घेऊन उतरला, फक्त ते ८५ किलोचं धूड जमिनीवर आल्यावर अंगावर पडेल म्हणून शेवटी सोडून दिलं आणि साधं पॅराशूट उघडलं.

प्रश्न : लिओनार्दो वह्यांमध्ये आरशात दिसावं तसं उलटं लिहायचा, ते गुपित ठेवायला का?

उत्तर : तो डावरा होता, उजवीकडून डावीकडे लिहिलं की ओली शाई हाताला पुसत नाही. आरसा धरला की कुणीही वाचू शकतं, हे कसलं गुपित! त्याच्या हातचं खरं बघायचं तर मिलानच्या आंब्रोझियाना लायब्ररीत, एकाच संग्रहात १११९ पानं आहेत. त्यातलं सायकलचं चित्र बघून लगेच हुरळून जाऊ नका, ते त्याचं नाही असंच बहुतेक अभ्यासक मानतात.