तुळशीच्या कुंडीतल्या गोळ्या

प्रश्न : माझा भाऊ आणि वहिनी दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. दोघेही एचआयव्हीने गेले. त्यांची चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे राहतात. मुलगी निरोगी आहे. मुलाला लागण आहे आणि तो चार वर्षांपासून एआरटी केंद्राचे (एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या केंद्राचे) औषध घेतो. ‘ही शक्तीची गोळी आहे,’ असे मी त्याला सांगत आले. गेल्या महिन्यात तुळशीच्या कुंडीतली माती उकरताना त्यात सात गोळ्या सापडल्या. विचारले तेव्हा म्हणाला, ‘आत्या, मी आजारी नाही, मग रोज गोळी कशाला? बाकीची पोरं घेत नाहीत.’ खरे सांगितले तर तो गावभर बोलेल आणि शाळेतून काढतील, अशी भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : ताई, त्या गोळ्या पाहून तुमच्या काळजात धस्स झाले असेल, पण मुलाचा प्रश्न रास्त आहे. धडधाकट मुलाने रोज ठरल्या वेळी गोळी घ्यावी, यासाठी त्याला खरे कारण हवे, आणि ‘शक्तीची गोळी’ हे कारण त्याला आता पुरत नाही.

आधी औषधाचे पाहू. गोळ्यांमुळे विषाणू दबून राहतो, नाहीसा होत नाही. गोळ्या चुकत गेल्या की तो पुन्हा वाढू लागतो आणि अर्धवट औषधातच वाढत राहिला, तर पुढे त्याच औषधाला दाद देत नाही. लहान मुलांसाठी औषधांचे पर्याय मोठ्यांपेक्षा कमी असल्याने हे नुकसान मोठे ठरते. म्हणून येत्या आठवड्यातच केंद्रात जा, सात गोळ्यांची गोष्ट न लपवता सांगा आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, तपासून घ्या. मुलाला मात्र यासाठी रागावू नका.

आता सांगण्याविषयी. शाळकरी वयाच्या मुलाला त्याच्या लागणीची माहिती टप्प्याटप्प्याने द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे 2011 पासूनचे मार्गदर्शन आहे. ‘तुझ्या रक्तात एक जंतू आहे, तो झोपून राहावा म्हणून ही गोळी आहे,’ एवढ्यावर सुरुवात करा. ते पचले, त्याने दोन-चार प्रश्न विचारले, की काही आठवड्यांनी केंद्रातल्या समुपदेशकांना सोबत घेऊन आजाराचे नाव सांगा. हे त्याला तुमच्याच तोंडून कळावे. भिंतीवरच्या पोस्टरवरून किंवा भावकीतल्या भांडणातून कळले, तर तो तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

‘मला कसा झाला?’ हे तो विचारणारच. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना हा विषाणू आईकडून आला आणि यात तिचा काही दोष नव्हता, हे स्पष्ट सांगा. गरोदर स्त्रीला लागण असल्यास तिला आयुष्यभर औषध देण्याचे धोरण आपल्याकडे 2014 पासून आहे. पण कोयता घेऊन परमुलखात कोपीवर राहणाऱ्या बाईच्या तपासण्या चुकत जातात, आणि त्या चुकू नयेत ही जबाबदारी तिच्या एकटीची खचितच नव्हती. आईविषयी त्याच्या मनात अढी राहू देऊ नका.

शाळेची भीती मी खोटी मानत नाही. लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे 2009 साली ‘सेवालय’ या एचआयव्हीबाधित मुलांच्या निवासगृहातील मुले गावच्या शाळेत येताच पालकांनी आपली मुले पाठवणे थांबवले होते. मात्र 10 सप्टेंबर 2018 पासून एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा लागू आहे. त्यानुसार या कारणावरून शाळेला मुलाला काढता येत नाही आणि प्रवेशासाठी तपासणीची अट घालता येत नाही. मुलाची स्थिती शाळेला कळवण्याचे बंधन तुमच्यावर नाही. एका ताटात जेवल्याने, खेळल्याने किंवा एका बाकावर बसल्याने लागण होत नाही. त्याला एवढेच शिकवा की ही लाजेची नव्हे, खासगी गोष्ट आहे, आणि ती कोणाला सांगायची हे घरात बसून ठरवायचे.

त्याच्या बहिणीलाही विश्वासात घ्या. पुरेशी समज असलेल्या बारा ते अठरा वयाच्या भावंडाला, शाळाप्रवेश व उपचारासाठी धाकट्याचे पालक होण्याची मुभा हाच कायदा देतो. आईवडील नसलेल्या मुलांना मदत देणाऱ्या बाल संगोपन योजनेचा अर्ज केला नसेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. अडचण आल्यास 1097 हा एड्स हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे.

प्रश्न : माझी जाऊ एचआयव्हीबाधित असून औषध घेते. तिच्या दोन महिन्यांच्या बाळाची रक्ततपासणी खासगी प्रयोगशाळेत पॉझिटिव्ह आली. घरात सगळ्यांनी आशा सोडली आहे.
— एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : आशा सोडण्याजोगे अद्याप काहीही घडलेले नाही. नेहमीच्या तपासणीत विषाणू दिसत नाही, त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) दिसतात. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे लागण नसलेल्या बाळाचा अहवालही असा येऊ शकतो. सरकारी रुग्णालयातील आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) सहा आठवड्यांनंतर बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब विशेष कागदावर घेऊन विषाणूचाच शोध घेणारी पीसीआर तपासणी केली जाते. ती झाली नसेल तर उद्याच जा, कारण लागण असूनही उपचार न मिळालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात. पुढे सहाव्या व बाराव्या महिन्यात तपासणी होते आणि अंतिम निदान अठराव्या महिन्यात.

जाऊबाईंचे औषध एक दिवसही चुकू देऊ नका. पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध द्यावे, त्यात वरचे दूध मिसळू नये. अहवाल हाती येईपर्यंत केंद्राने सुरू केलेले सिरप कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये.