विडंबन कशाचं?

पदवीच्या वर्गाला मराठी शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. 'साहित्यातील विनोद' या विषयावरचे निबंध त्या तपासत आहेत आणि जवळजवळ प्रत्येक निबंधात 'लेखकाने समाजाचे विडंबन केले आहे' हे वाक्य आहे. ते चालवून घ्यावं की गुण कापावेत? आणि उपहास, उपरोध, विडंबन यांत फरक काय?

चालवून घेऊ नये. समाजावर टीका करता येते, त्याची टर उडवता येते, त्याला बोचकारता येतं. विडंबन मात्र एखाद्या घडवलेल्या गोष्टीचं होतं: कविता, भाषण, आरती, मानपत्र, सभेचा ठराव, कुणाची बोलण्याची लकब. 'समाजातील दोषांवर हसत हसत केलेली टीका म्हणजे विडंबन' अशा थाटाच्या व्याख्या गाइडांतून पाठ होतात आणि मग रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या व्यंगचित्रालाही 'विडंबन' म्हटलं जातं. हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. खड्ड्याची कसली नक्कल करणार?

उपरोध आणि उपहास यांवर फार वेळ घालवत नाही. उपरोधात शब्द स्तुतीचे आणि रोख उलटा. उपहास उघड हसतो. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे सहा प्रकार सांगितले, त्यांतला एक 'उपहसित': नाकपुड्या फुगलेल्या, नजर तिरकी, अंग आणि डोकं आखडलेलं. एवढं वर्गात करून दाखवलं तरी मुलं उपहास विसरायची नाहीत.

आता विडंबन. संस्कृतात 'विडम्बयति' म्हणजे नक्कल करतो, सोंग घेतो, बरोबरी करतो. भागवताच्या पहिल्या स्कंधात कुंती कृष्णाची स्तुती करते, तिथे हा शब्द येतो: 'न वेद कश्चिद्भगवंश्चिकीर्षितं तवेहमानस्य नृणां विडम्बनम्'. देवा, तू माणसांसारखं वागतोस, पण तुझ्या मनात काय आहे हे कुणालाच कळत नाही. कुंती इथे भक्तीने बोलते आहे, थट्टेचा लवलेशही नाही, आणि तरी शब्द विडंबनच! देवाने घेतलेलं माणसाचं सोंग. हा श्लोक डोळ्यांसमोर असला की शब्दाचा कणा लख्ख दिसतो: आधी अनुकरण, हसू नंतर.

आणि हसू तरी कुठून आलं? भरतच सांगतो: 'शृङ्गारानुकृतिर्या तु स हास्यस्तु प्रकीर्तितः'. शृंगाराची अनुकृती म्हणजे हास्य. नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त याने हे पुढे नेलं. त्याच्या मते करुणादी इतर रसांच्या आभासातूनही, म्हणजे तो रस अस्थानी, नुसता वरवर दिसला तरीही, हास्यच उपजतं. थोर माणसाच्या विलापगीताचा सगळा थाट फुटलेल्या कपबशीसाठी वापरला की हसू येतं ते याच न्यायाने. विडंबनाचं शास्त्र आपल्याकडे इतकं जुनं असताना आम्ही गाइडातली व्याख्या घोकायची!

मराठीतली 'विटंबना' ही याच शब्दाची लेक. तिला 'विटणे'शी जोडणारे भेटतात. त्यांनी मग उरलेल्या 'ंबना'चं काय करायचं तेही सांगावं. खरा प्रश्न वेगळा आहे. अनुकरणाचा अर्थ असलेला शब्द मानहानीच्या अर्थाला कसा पोहोचला? माझं मत, आणि मी त्यावर ठाम आहे, असं की वाट धिंडीतून गेली. ज्याची अब्रू घ्यायची त्याला गाढवावर बसवायचं, गळ्यात खेटरांची माळ घालायची, पुढे वाजंत्री लावायची. यातली प्रत्येक गोष्ट वरातीची नक्कल आहे: घोड्याच्या जागी गाढव, हाराच्या जागी खेटरं. 'गाढवावरून वरात काढणे' असं आपण उगाच म्हणत नाही. वरातीचं झालं विडंबन, आणि गाढवावर बसलेल्याची झाली विटंबना. एकाच मिरवणुकीतून दोन अर्थ निघाले. कोशांत हा दुवा दिलेला नसेल, पण नुसतं 'अर्थविस्तार' म्हणून पुढे सरकणाऱ्यांपेक्षा तो मला पटतो.

'व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे' असं भाषाशास्त्राचे लोक लगेच बजावतील. बरोबर आहे, पुष्कळ शब्द मूळ सोडून दूर जातात. विडंबन मात्र गेलेलं नाही. 1925 साली केशवकुमारांची म्हणजे अत्र्यांची 'झेंडूची फुले' आली तेव्हा तिने नक्कल केलेल्या रविकिरण मंडळ या कविगटाच्या काव्याची लकब वाचकांच्या कानांत ताजी होती, म्हणून ती हशा पिकवून गेली. त्या कवितांना आजही आपण विडंबनकाव्य म्हणतो ते मूळ अर्थानेच. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'चोरांचे संमेलन' या विनोदी लेखाचं नावच बघा. संमेलन हा साचा, त्यात बसवले चोर. विद्यार्थ्याने 'संमेलनाच्या रीतीचं विडंबन' असं लिहिलं तर पूर्ण गुण. 'समाजाचं विडंबन' लिहिलं तर त्याने लेखाचं नावसुद्धा नीट वाचलेलं नाही.

चिमणरावावरच्या निबंधांत तर याहून मोठी चूक असते: 'चिमणराव विनोदी स्वभावाचा आहे.' चिं. वि. जोशींचा चिमणराव स्वतः कथा सांगतो, आणि सांगताना अगदी गंभीर असतो. आपलं काय फसलं हे त्याला उमगत नाही, वाचकाला उमगतं. त्या दोघांच्या समजेतल्या अंतरात सगळी गंमत आहे. हे अंतर ज्याने उताऱ्यातल्या एका वाक्यावर बोट ठेवून दाखवलं त्याला एकही पारिभाषिक शब्द न वापरता चांगले गुण मिळायला हवेत. उलट उपहास, उपरोध, विडंबन, वक्रोक्ती असे चार शब्द एका ओळीत कोंबून उदाहरण एकही न देणाऱ्याचे गुण बाईंनी बेलाशक कापावेत. बाकीच्यांच्या वहीत 'समाजाचे विडंबन' खाली रेघ मारून समासात 'कशाचं?' एवढंच लिहावं आणि उत्तर लिहून आणायला सांगावं.